बामणोलीहून स्पीडबोटीने वासोटा: एका दिवसाचा बेत

शिवसागर, म्हणजे कोयना धरणाच्या तलावावर बोटीने फिरायचं असेल तर पाऊस सरल्यानंतरचे दोन महिने निवडा. कोयना धरण तेव्हा भरलेलं असतं, पाणी थेट झाडीला लागलेलं असतं आणि बोट वासोटा किल्ल्याच्या पायथ्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहते. एप्रिल-मेमध्ये हेच पाणी खूप मागे सरकतं. मग भेगाळलेल्या गाळातून आणि दगडगोट्यांतून चालत पायथा गाठावा लागतो, तोही उन्हात. पावसाळ्यात किल्ला बंदच असतो. म्हणून आम्ही दिवाळीची गडबड संपल्यावरचा, तोही आठवड्यातला मधला दिवस धरला. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांनी बोटी जिथून सुटतात तो बामणोलीचा काठ भरून जातो आणि बोटीसाठी ताटकळावं लागतं. ज्यांना सुट्टी काढणं शक्य आहे त्यांनी ती जरूर काढावी.

आम्ही होतो घरचेच. आम्ही दोघं, आमची दोन मुलं, सांगलीहून आलेले धाकटे दीर आणि जाऊबाई, आणि सासूबाई. सासूबाईंना चढ झेपणार नव्हता, तरी त्यांना तलाव बघायचाच होता. त्यांच्या आजोळचं गाव ह्याच पाण्याखाली गेलंय.

साताऱ्यातून समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढला की रस्ता डोंगराच्या सोंडेवरून जातो. एका बाजूला कण्हेर धरणाचं पाणी, दुसऱ्या बाजूला उरमोडीचं. पेट्री, मग कास पठार, कास तलाव, आणि तिथून उतार लागतो तो बामणोलीपर्यंत. अंतर चाळीस किलोमीटरच्या आतलं, पण वळणं फार, सकाळी धुकंही असतं. दीड तास धरूनच निघा. पेट्रोल साताऱ्यातच भरा. पोरांना गाडी लागत असेल तर त्यांना पोटभर खाऊ घालून निघू नका, नाश्ता बामणोलीत होतो. फुलांच्या हंगामात, म्हणजे साधारण सप्टेंबरात, कासला वाहनांची रांग लागते. त्या दिवसांत ह्याच रस्त्याने वासोट्याचा बेत करणं म्हणजे सकाळचे मोलाचे तास गाडीत घालवणं. दोन्ही एकत्र करू नका.

सकाळचे तास मोलाचे का, ते सांगते. वासोटा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आहे. तिथे मुक्कामाला परवानगी नाही आणि अंधार पडायच्या आत सगळ्यांनी परत यायचं असतं. म्हणजे दिवसाचा शेवट ठरलेला आहे, वाढवता येतो तो फक्त आरंभ. बामणोलीला सातपर्यंत पोचलं की वनखात्याची नोंदणी आणि बोट ठरवणं ही दोन्ही कामं गर्दीआधी उरकतात. सगळ्यांची ओळखपत्रं आणि त्यांच्या झेरॉक्स बरोबर ठेवा. पैसे रोख ठेवा, कारण मोबाईलची रेंज येते-जाते आणि पाण्यावर गेल्यावर जवळजवळ नसतेच.

आता बोट. इथे साधी डिझेल बोट आणि स्पीडबोट असे दोन प्रकार मिळतात. भाडं माणशी नसतं, बोटीला असतं, त्यामुळे लहान गटाने काठावरच दुसऱ्या लहान गटाशी बोलून घ्यावं. साध्या बोटीत जास्त माणसं बसतात, डोक्यावर छप्पर असतं, आणि वासोट्याच्या पायथ्याला जायला तिला तास-दीड तास लागतो. स्पीडबोट त्याच्या निम्म्याच्या आसपास वेळात पोचवते, पण माणसं कमी बसतात आणि खर्च वाढतो. ज्यांना फक्त तलाव बघायचा आहे त्यांनी स्पीडबोटीच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. इंजिनाच्या आवाजात बोलता येत नाही, पाण्यावरचा पक्षी दिसेपर्यंत मागे पडतो. पण किल्ला चढायचा असेल आणि बरोबर मुलं असतील तर वाचलेला हा वेळ किल्ल्यावर वापरता येतो, तेव्हा ते पैसे सार्थकी लागतात. बोट ठरवताना थांबण्याची वेळ किती धरली आहे आणि त्याहून उशीर झाला तर जादा किती द्यायचं, हे आधी बोलून घ्या. बोटवाल्याचा चेहरा आणि बोटीचा क्रमांक लक्षात ठेवा, परतताना पायथ्याशी एकसारख्या दिसणाऱ्या बोटी उभ्या असतात.

आम्ही दोन बोटी केल्या. सासूबाई आणि जाऊबाई साध्या बोटीने शेंबडीच्या दत्तमंदिराकडे, बाकीचे स्पीडबोटीने वासोट्याकडे.

स्पीडबोटीत बसताना लक्षात घ्या की हादरे पुढच्या बाजूला बसतात. लाट आली की बोटीचं नाक वर उचललं जातं आणि धाडकन खाली येतं. ज्यांना पाठीचा, मानेचा त्रास आहे त्यांना मागे बसवा. गरोदर बाईने तर साधीच बोट घ्यावी. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे बांधा. मुलांचं जॅकेट खांद्याला धरून वर ओढून बघा, हनुवटीपर्यंत सरकत असेल तर ते मोठं आहे, बदलून मागा. आमच्या धाकटीचं आम्ही बदलून घेतलं आणि बोटवाल्या काकांनी कुरकुर न करता दुसरं आणून दिलं. टोपी हातात धरा, मोबाईल आणि कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, रेक्झिनच्या किंवा जलरोधक पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकचं कारण पुढे येईल.

बोट निघाली की पहिली काही मिनिटं कोणी बोललं नाही. दोन्ही बाजूंना डोंगर थेट पाण्यात उतरलेले, मधली टेकाडं बेटांसारखी वर आलेली, आणि समोर पाण्याचा पट्टा वळणं घेत कुठे संपतो तेच कळत नाही. धरण इथून पार दक्षिणेला, कोयनानगरजवळ. तिथल्या भिंतीने अडवलेलं पाणी नदीच्या खोऱ्यातून पन्नासेक किलोमीटर उत्तरेला पसरलंय. तलावाची क्षमता १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट. उन्हाळ्यात वर्तमानपत्रं धरणातला साठा छापतात तो आकडा आपण चहा पिताना वाचून सोडून देतो. त्या पाण्यावर बसून बघितल्यावर तो आकडा केवढा आहे ते समजतं.

जवळपास शंभर गावं धरणामुळे उठली. माणसं सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड, रत्नागिरी अशी विखुरली. जी वर डोंगरात सरकून राहिली त्यांच्यातल्या काहींनी पुढे बोटी घातल्या, आज आपल्याला फिरवतात ते बरेचसे त्यांच्याच घरचे. कांदाटी खोऱ्यातल्या कितीतरी वाड्यांना आजही दवाखाना, बाजार, शाळा ह्यांसाठी हेच पाणी ओलांडावं लागतं. म्हणून एक विनंती. गावकऱ्यांची लाँच धक्क्याला लागत असेल तर तिला आधी जागा द्या. तिच्यात आजारी माणूस असू शकतो.

पायथ्याचं ठिकाण मेट इंदवली. इथलं गाव उठून गेलंय, आता वनखात्याचं नाकं आहे. तिथे पिशव्या उघडून प्लॅस्टिक मोजतात. बाटल्या, वेफर्सची पाकिटं, चॉकलेटचे कागद सगळ्याची नोंद होते, अनामत रक्कम घेतात आणि उतरताना तेवढंच प्लॅस्टिक परत दाखवलं की ती परत मिळते. फार चांगली पद्धत आहे आणि तिचा परिणाम वाटेवर दिसतो. घरूनच धपाटे-चटणी कापडात, पेढे स्टीलच्या डब्यात, पाणी स्टीलच्या बाटल्यांत नेलंत तर नाक्यावर दोन मिनिटांत मोकळे व्हाल. पाणी मात्र माणशी दोन लिटर तरी हवंच. वर टाकी आहे, पण मुलांना त्यातलं पाणी देऊ नये.

नाक्यापुढे ओढा लागतो, जवळच मारुती-गणपतीच्या मूर्ती आहेत. तिथून वाट जंगलात शिरते. किल्ल्याची उंची समुद्रसपाटीपासून ११७१ मीटर. भरलेल्या तलावाच्या पातळीपासून मोजलं तर चढ सुमारे ५०० मीटरचा. सुरुवात सोपी, मग दम काढणारा खडा भाग, आणि जवळजवळ सगळी वाट सावलीतून. रोज चालणाऱ्याला दीड तास, मुलांना घेऊन दोन-अडीच. वाटेत एक फाटा नागेश्वरच्या गुहेकडे जातो. एका दिवसात दोन्ही करणारे भेटतात, पण त्यांचं सगळं लक्ष घड्याळाकडे असतं. मुलं बरोबर असतील तर नागेश्वर वेगळ्या दिवशी करा.

जंगलात आवाज कमी ठेवा. गवे आणि अस्वलं इथली आहेत, बिबट्याही आहे. वाट सोडून आत शिरू नका, गट तोडू नका, लहान मुलाला सगळ्यात पुढे किंवा सगळ्यात मागे चालवू नका. स्थानिक वाटाड्या बरोबर घेतला तर पैसे वाया जात नाहीत. आमच्या बरोबरच्या दादांनी झाडावर नखांचे ओरखडे दाखवले, शेकरूचं घरटं दाखवलं, आणि पुढे एकदा हात वर करून सगळ्यांना थांबवलं. खाली झाडीत काहीतरी जड हललं आणि निघून गेलं. "गवा हाय. जाऊ द्या त्याला आधी," एवढंच म्हणाले.

वर पोचल्यावर पहिल्यांदा भेटतो तो बिनछपराचा मारुती. पुढे वाड्याचे चौथरे, चुन्याची घाणी, महादेवाचं देऊळ, पाण्याचं टाकं. ह्या आडबाजूच्या किल्ल्याने सातारच्या इतिहासात मोठा वाटा उचललाय. शिवरायांनी तो १६६० मध्ये घेतला आणि पुढे कैदी ठेवायला वापरला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला किल्ला ताब्यात ठेवलेल्या ताई तेलिणीने पेशव्यांचे सरदार बापू गोखल्यांशी इथूनच कित्येक महिने झुंज दिली. ती बाई एवढ्या मोठ्या सरदारासमोर उभी कशी राहिली असेल, हे किल्ल्याच्या काठावर उभं राहून बघा, उत्तर सापडतं. खाली घनदाट रान आणि तिन्ही बाजूंना कडे. १८१८ मध्ये इंग्रजांनी मात्र शेजारच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या आणि तिथून मारा केला. साताऱ्याच्या छत्रपतींचं कुटुंब तेव्हा पेशव्यांनी इथे अटकेत ठेवलं होतं.

ह्या दोन वासोट्यांच्या मधे आहे बाबुकडा. घोड्याच्या नालेच्या आकाराचा, कोकणात सरळ तुटलेला. मी साताऱ्याची असून इतका खोल कडा दुसरा पाहिलेला नाही. इथे सेल्फी, काठावर पाय सोडून बसणं हे काहीही नको. गवत सुकलं की ते पायाखाली सरकतं. मुलांचा हात धरून मागे, दगडावर बसून बघा. समोर कोकण पसरलेलं दिसतं. आपण ज्या पाण्यावरून आलो तेच पाणी दक्षिणेला पोफळीजवळ डोंगराच्या पोटातून बोगद्याने खाली सोडतात, त्यावर वीज होते आणि ते वाशिष्ठीला मिळून चिपळूणकडे जातं. खरं तर कोयना पूर्वेला कऱ्हाडला कृष्णेला भेटणारी नदी. आमच्या मोठीने हे ऐकून विचारलं, "म्हणजे पाणी डोंगर ओलांडतं?" तिला तिथेच जमिनीवर काडीने नकाशा काढून दाखवला. अशी जागा शाळेत मिळत नाही.

जेवण वरच उरका आणि दीडच्या सुमारास उतरायला लागा. उतरताना गुडघे बोलतात, काठी असू द्या. दुपारनंतर तलावावर वारं सुटतं आणि सकाळी गुळगुळीत असलेलं पाणी खडबडीत होतं. काकांनी सकाळीच बजावलं होतं, "पावणं, चारच्या आत खाली या. मग बोट लई उडती." ते खरं निघालं. परतीला आम्ही मुलांना मागच्या बाकावर घेतलं आणि काकांना वेग कमी ठेवायला सांगितलं. त्यांनी लगेच ऐकलं. वेगाचा हट्ट प्रवाशांचाच असतो, म्हणून आपल्याला नको असेल तर तसं सांगावं.

बामणोलीत सासूबाई आमच्या आधी पोचल्या होत्या. चढ न झेपणाऱ्यांसाठी त्यांची फेरी मी मनापासून सुचवीन. शांत बोट, दत्ताचं दर्शन, उतरायला-चढायला हात द्यायला माणूस. तापोळ्याच्या बाजूने निघालात तर कोयना, सोळशी आणि कांदाटीचा संगम बोटीतून बघता येतो. महाबळेश्वरला मुक्काम असेल त्यांना तापोळाच सोयीचं. आणि ज्यांना जेट-स्की वगैरे खेळांची हौस आहे त्यांनी मुनावळ्याला जावं, तिथे २०२४ पासून शासनाचं जलपर्यटन केंद्र आहे. तो प्रकार वेगळा, वासोट्याच्या दिवसाशी त्याची सांगड घालू नका.

सासूबाईंनी बोटवाल्याला आजोळच्या गावाचं नाव सांगितलं तेव्हा त्याने इंजिन बंद करून पाण्याकडे हात केला, इथंच कुठंतरी, आजी. जाऊबाई सांगत होत्या की नंतर परतेपर्यंत सासूबाई एकसारख्या बोलत होत्या. विहीर कुठे होती, जत्रा कधी भरायची, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा त्या सासरी कशा अंगणात पळाल्या. घरात इतक्या वर्षांत हे आम्ही ऐकलेलं नव्हतं. तुमच्या घरात त्या खोऱ्यातलं कोणी वडीलधारं असेल तर त्यांना नक्की न्या आणि स्पीडबोटीत बसवू नका.

जेवणाचं सकाळीच सांगून ठेवा. बामणोलीतल्या खाणावळी किती माणसं ते विचारून मगच चूल पेटवतात. तांदळाची भाकरी, तलावातल्या माशाचं कालवण, शाकाहारी असाल तर पिठलं आणि ठेचा. चहा घेऊन उजेड असतानाच घाट चढायला लागा. कासच्या पठारावर संध्याकाळी धुकं उतरतं आणि रस्त्याला गुरं असतात.