पाच फ्रीलान्सर, एक बिल

मी पुण्यात कम्युनिकेशन कन्सल्टंट म्हणून काम करते. नोकरी सोडल्यापासून वार्षिक अहवाल, कर्मचाऱ्यांसाठीची पत्रकं, अध्यक्षांची भाषणं ही कामं एकटीनं निभावत आले. एखाद्या कंपनीला लेखनासोबत मांडणी, व्हिडिओ आणि पत्रकारांशी संपर्क हे सगळं एकाच ठिकाणी हवं असलं की काम हातचं जायचं. ते एजन्सीला मिळायचं आणि कित्येकदा तीच एजन्सी त्यातलं लेखन निम्म्या पैशांत माझ्याकडे पाठवायची. याचा मला मनापासून राग होता.

म्हणून जुन्या ओळखीतल्या चौघांना विचारलं. पणजीचा डिझायनर, कोल्हापूरचा व्हिडिओ करणारा मित्र, नाशिकच्या ताई, ज्यांची अर्धी कारकीर्द वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत गेली, आणि नागपूरची भाषांतरकार मैत्रीण. ऑफिस नाही, पगार नाही. सोमवारी सकाळी व्हिडिओ कॉल आणि ड्राइव्हवर एक शीट, ज्यात कोण कधी मोकळं आहे ते दिसतं. इथवर सगळं सोपं होतं.

खरी चर्चा पैशांची झाली, आणि ती पहिलं काम येण्याआधीच झाली याचं मला फार समाधान आहे. काम आणणाऱ्याला किती, हा पहिला प्रश्न. मी 20 टक्के सुचवले होते. ताई म्हणाल्या, "अगं, काम आणणं एकदाच असतं. ग्राहकाचे फोन मात्र रोज घ्यावे लागतात." त्यांचं बरोबर होतं. शेवटी ठरलं ते असं: काम आणणाऱ्याला 10 टक्के, सगळ्यांची जुळवाजुळव करून ग्राहकाला उत्तर देणाऱ्याला 15, उरलेले 75 टक्के ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे, आणि हे आकडे कोटेशन पाठवायच्या आधी शीटवर लिहायचे.

दुसरा प्रश्न बिलाचा. ग्राहकाला पाच बिलं नको असतात, व्हेंडर म्हणून एकच नाव हवं असतं. ते नाव माझं ठरलं, म्हणजे इतरांचे पैसेही माझ्या उलाढालीत धरले जाणार. सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. माझी स्वतःची कमाई त्याच्या जवळपास नव्हती, पण पाच जणांचं मिळून ती रेषा ओलांडली जाणार हे दिसत होतं, म्हणून नोंदणी आधीच करून घेतली. टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या आयकराचा, गुंता त्याहून मोठा. कंपनी पूर्ण फीवर 10 टक्के कापते आणि ते माझ्या पॅनवर जमा होतात. चौघांना पूर्ण वाटा लगेच दिला असता तर परतावा येईपर्यंत मला पदरचे पैसे घालावे लागले असते. सीएंशी बोलून आम्ही लिहून ठेवलं, की तेवढा भाग प्रत्येकाच्या वाट्यातून मागे ठेवायचा आणि परतावा आला की त्याच प्रमाणात द्यायचा. हे वाचायला रुक्ष वाटेल, पण चांगल्या मित्रांची तोंडं याच ठिकाणी फिरलेली मी पाहिली आहेत.

पहिलं मोठं काम एका दूध संकलन करणाऱ्या कंपनीचं होतं. संकलन केंद्रांवर दुधाचा कस मोजणारी नवीन मशीन बसवली होती आणि दर कमी लागला की शेतकरी थेट केंद्रचालकाशी भांडत होते. कंपनीला एक माहितीपुस्तिका आणि फिल्म हवी होती. आम्ही केंद्रावर मिळणारी पावतीच मागवून घेतली. बोटभर रुंदीच्या थर्मल कागदावर लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), दर, रक्कम, सगळं एकाच बारीक टायपात. गायीच्या दुधाचा मूळ दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफवर धरला जातो. त्याखाली गेलं की पॉइंटप्रमाणे कपात होते, पण ती कपात पावतीवर कुठेच दिसत नव्हती. कोल्हापूरच्या मित्राच्या घरी म्हशी आहेत. तो कॉलवर म्हणाला, "आमचे अप्पा पावती खालून वर वाचतात. आधी रक्कम, मग दर, बाकी काहीच नाही."

त्या एका वाक्यानं कामाचा रोख बदलला. पणजीच्या डिझायनरनं पावती नव्यानं मांडली: रक्कम मोठ्या अक्षरांत, तिच्या लगेच वर मूळ दर आणि "एसएनएफ 8.5 ऐवजी 8.2, म्हणून कपात" अशी ओळ. पुस्तिका चार पानांवर आली. व्हिडिओऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येतील असे छोटे ऑडिओ केले, कारण धारा काढताना माणूस ऐकू शकतो, पाहू शकत नाही. एकटी असते तर मी उत्तम पुस्तिका लिहिली असती आणि भांडणं तशीच चालू राहिली असती.

हक्कांचा कागदही तेव्हाच केला. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखी द्यावे लागतात, आणि मुदत लिहिली नसेल तर ते 5 वर्षांसाठी, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते दिले असं धरलं जातं. ग्राहकाला कायमचे हक्क हवे होते. ते देताना चौघांकडून मला तसंच लिहून घेणं भाग होतं, आणि कामाचा नमुना स्वतःच्या पोर्टफोलिओत दाखवायची मुभा सगळ्यांसाठी मागून घेतली.

पुढच्या एका कंपनीनं पैसे रखडवले. तेव्हा उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंद, कामाला आली. लहान उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडे पैसे थांबवता येत नाहीत, उशीर झाला तर व्याज लागतं. ताईंनी शांतपणे, तारखा आणि कलम घालून ईमेल लिहिली. पैसे आले. आता उद्यम क्रमांक बिलाच्या माथ्यावरच छापतो.

एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था, करावी का, हे अधूनमधून निघतं. दोन भागीदारांवर ती होते. पण दरवर्षी 30 मेपर्यंत वार्षिक विवरणाचा फॉर्म 11, 30 ऑक्टोबरपर्यंत हिशेबाचा फॉर्म 8, शिवाय नफ्यावर सरळ 30 टक्के कर. आमच्यातले बहुतेक जण त्याहून खालच्या टप्प्यात कर भरतात. सध्या दोन पानी करार पुरतो.

नवीन काम धुळे-नंदुरबार भागातलं आहे आणि ऑडिओ अहिराणीत हवे आहेत. आमच्यात अहिराणी बोलणारं कुणी नाही. शिरपूरच्या एका निवेदिकेला एका छोट्या ऑडिओचं काम दिलंय, पूर्ण पैसे देऊन. तो आला की तिला सोमवारच्या कॉलवर बोलवायचं का ते ठरवू.