प्रकल्प अहवालात ‘माल कोठे विकणार’ हा रकाना

बेळगावच्या वडगावातील ओळखीच्या एका वहिनींनी घरगुती मसाल्याचा व्यवसाय वाढवायचे ठरवले आणि बँकेला द्यावयाचा प्रकल्प अहवाल एकदा नजरेखालून घालावा म्हणून माझ्याकडे पाठवला. यंत्रांची कोटेशने जोडलेली होती, पाच वर्षांच्या नफ्याचे तक्ते भरलेले होते. परंतु माल कोठे विकणार, या रकान्यात ‘बेळगाव, कोल्हापूर व गोवा’ एवढेच होते. माझ्या मते अहवालातील बाकी सारे आकडे याच ओळीवर उभे असतात.

बेळगावकरांना चंदगड किंवा कोल्हापूर परके वाटत नाही, कारण सोयरीक आणि बाजारहाट दोन्ही तिकडचे आहेत. जीएसटीच्या हिशेबात मात्र येथून सीमेपलीकडे महाराष्ट्रात असलेल्या शिनोळीच्या दुकानदाराला पाठवलेले पोतेही आंतरराज्य विक्रीत मोडते. केवळ मालाची विक्री करणाऱ्या व्यावसायिकाला कर्नाटकात वार्षिक 40 लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट आहे. करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा म्हटले की ही सूट संपते आणि उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी करावी लागते. कंपोझिशन योजना, म्हणजे लहान व्यावसायिकांसाठी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची सोय, घेऊन सुटका होईल असे अनेकांना वाटते, पण त्या योजनेत राहून परराज्यात विक्री करताच येत नाही. म्हणजे ‘कोल्हापूर व गोवा’ हे दोन शब्द लिहिताच विवरणपत्रे आणि हिशेबनिसाचे शुल्क हा खर्च पहिल्याच वर्षात धरावा लागतो. त्या अहवालात तो कोठेही नव्हता.

शिवाय कोल्हापुरात घरोघरी स्वतःची कांदा-लसूण चटणी होते; तेथे बाहेरचा तिखट मसाला रुजवणे सोपे नाही. गोव्यात ब्याडगी मिरचीच्या रंगाला मागणी मिळू शकते, मात्र पावसाळ्यात चोर्ला घाटाचा भरवसा नसतो आणि दुकानदार उधारीवर माल मागतात.

खरी मेख खेळत्या भांडवलात, म्हणजे खरेदी आणि रोजच्या खर्चासाठी हाताशी लागणाऱ्या पैशात आहे. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची हंगामात घेऊन, पावसापूर्वी वाळवून, कोरड्या जागी साठवावी लागते, तर विक्रीचे पैसे वर्षभर थोडे थोडे येतात. त्यामुळे दरमहा सारखीच खरेदी दाखवणारा तक्ता दिसायला सुबक असला तरी निरुपयोगी असतो. देठ काढताना, वाळवताना आणि कांडपात येणारी घट कोणाला विचारून लिहू नये. एक पोते आपल्या हाताने करून, प्रत्येक टप्प्यावर वजन घेऊन तो आकडा मांडावा. वहिनींनी तसे केले, तेव्हा त्यांचा किलोमागचा खर्च वाढला आणि यजमानांचा चेहरा उतरला.

लघु अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी 2020 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये, अनुदानाची तरतूद केली गेली. ते कर्जाशी जोडलेले असते, सुरुवातीला हातात पडत नाही. ते धरून मिरची खरेदीचा हिशेब मांडणे मला धोक्याचे वाटते.

सुधारलेल्या अहवालात पहिल्या वर्षी फक्त बेळगाव आणि खानापूरची विक्री धरली आहे. गोवा दुसऱ्या वर्षी येतो, जीएसटीच्या नोंदणीसह. पहिल्या वर्षाचा नफा बराच खाली आला असला, तरी हप्ता भरून थोडी शिल्लक दिसते.