आधी भाजी पुसा

सोमवारी आमच्याकडे शिवराक, म्हणजे मासे-मटण नाही. श्रावण असला तर कांदा-लसूणही नाही. पणजीच्या शाळेतून सुटून, शटलच्या रांगेत उभं राहून म्हापशाला घरी पोचेपर्यंत मला साडेसहा होतात. त्यानंतर नारळ खवून, वाटण घालून तोणाक (रसभाजी) करायचं म्हटलं तर जेवायला नऊ वाजतात, आणि सासऱ्यांना प्रेशरची गोळी असल्यामुळे त्यांचं जेवण आठाच्या आत व्हावं लागतं. स्टर फ्राय आमच्या घरात शिरलं ते या अडचणीतून. भाज्या चिरायच्या, मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं परतायच्या, वरून जरासा सॉस घालायचा, की झालं. निदान मला तेव्हा तसं वाटलं होतं.

पहिल्यांदा केलं ते गेल्या वर्षी श्रावणातच. कोबी, गाजर, ढबू मिरची आणि फरसबी चिरली, चाळणीत धुतली आणि सगळी एकदम नॉनस्टिक कढईत ओतली. दोन मिनिटांत तळाशी पाणी जमलं. गॅस मोठा केला तर पाणी उकळायला लागलं आणि भाजी त्यात पोहायला लागली. दहा-बारा मिनिटांनी पाणी आटलं तेव्हा कोबीचा लगदा झाला होता, ढबू मिरचीचा रंग उडाला होता आणि फरसबी मात्र दाताखाली करकरत होती. आईंनी (सासूबाईंना मी आईच म्हणते) एक घास घेतला आणि म्हणाल्या, "सांगो शिजूंक नात गो, आनी कोबी पळय कशी जाल्या." (शेंगा शिजल्या नाहीत, आणि कोबी बघ कशी झालीय.) बरोबरच होतं त्यांचं. त्या पेडण्याच्या, भाजीच्या बाबतीत त्यांची जीभ चुकत नाही.

त्यानंतर दोन-तीनदा करून पाहिलं. एकदा झाकण ठेवून, एकदा तेल वाढवून, एकदा सॉस दुप्पट घालून. दर वेळी तेच पाणी.

उत्तर मिळालं ते शुक्रवारच्या बाजारातून आणलेल्या भेंडीमुळे. पावसाळ्यात आपल्याकडे सात शिरांची भेंडी येते, वीतभर लांब, फिकट हिरवी, बाजारात बायका पाच-पाच, दहा-दहाच्या जुड्या बांधून मांडतात. जुव्याची (सांत इस्तेव्ह बेटावरची) भेंडी म्हटलं की आई भाव करत नाहीत. त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात खाली बसल्या होत्या, मांडीवर मऊ झालेला जुना पंचा, आणि धुतलेली एकेक भेंडी देठापासून टोकापर्यंत पुसत होत्या. नुसती वरवर नाही. शिरांच्या मधल्या खाचेत पाण्याची बारीक रेघ राहते, ती पंच्याच्या कोपऱ्याने निपटून काढत होत्या. मला घाई होती. मी म्हटलं, आई, मी चिरायला घेऊ का? त्या म्हणाल्या, "पुसल्याबगर कापूंक जायना गो, बुळबुळीत जाता."

मी लहानपणापासून हे ऐकत आले आहे. तुम्हीही ऐकलं असेल. पण भेंडीला लावतो तो नियम कोबीला, गाजराला, फरसबीला का लावायचा नाही, हे मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. तेही विज्ञान शिकवत असताना.

नववीच्या मुलांना मी दरवर्षी बाष्पीभवनाची सुप्त उष्णता शिकवते. एक ग्रॅम पाणी 0 अंशांपासून 100 अंशांपर्यंत तापवायला 100 कॅलरी लागतात, आणि त्याच उकळत्या एका ग्रॅमची वाफ करायला आणखी 540. तापमान अंशभरही वाढत नाही आणि उष्णता मात्र पाचपटीहून जास्त खर्च होते. फळ्यावर हे गणित मी किती वेळा सोडवलं असेल! त्या संध्याकाळी घरच्या वजनकाट्यावर अर्धा किलो चिरलेली भाजी ठेवली, मग धुतली, चाळणीत झटकली आणि पुन्हा वजन केलं. 40 ग्रॅम वाढलं होतं. 40 ग्रॅम पाण्याची नुसती वाफ करायला 21,600 कॅलरी. म्हणजे पेलाभर बर्फगार पाण्याला उकळी आणायला जेवढी उष्णता लागेल, तेवढी मी भाजीला चिकटलेल्या पाण्यावर घालवत होते. ते पाणी संपेपर्यंत कढई 100 अंशांच्या वर जाऊच शकत नव्हती. आणि भाजीच्या कडांना तो तांबूस रंग, तो खमंग वास यायला साधारण 140 अंशांच्या पुढचं तापमान लागतं. भाजी परतलीच जात नव्हती, उकडली जात होती.

कांदा-लसूण नसलेल्या सोमवारी तर हे जास्तच जाणवतं. लसणीची फोडणी असली की ती पुष्कळ दोष झाकते. ती नसली की चव यायची ती भाजीच्या भाजलेल्या कडांतूनच.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. भाजी सकाळी शाळेला जाण्यापूर्वी अख्खी धुवायची, चिरून मग धुवायची नाही, आणि पंच्यावर पसरून पंख्याखाली ठेवायची. पावसाळ्यात पंख्याखालीही ती पुरती सुकत नाही, म्हणून संध्याकाळी चिरण्यापूर्वी पुन्हा एकदा पुसायची. कोबीचं पान न् पान सुटं करून. याला दहा मिनिटं जातात आणि ती वाचवता येत नाहीत.

चौघांना पुरेल एवढं मी घेते: पाव किलो फरसबी किंवा चवळीच्या कोवळ्या शेंगा, एक गाजर, एक मोठी ढबू मिरची, लहान कोबीचा चतकोर, सात शिरांच्या चार भेंड्या आणि मूठभर मोडाचे मूग. शेंगा आणि भेंडी तिरक्या कापायच्या, दोन बोटं लांब. गाजर पातळ. गाजर जाड राहिलं तर बाकी सगळं होऊन जातं आणि ते मागे राहतं. सॉस आधीच वाटीत कालवून ठेवायचा: दीड मोठा चमचा सोया सॉस, एक छोटा चमचा माडाचा विनागर, सुपारीएवढा माडाचा गूळ, चिमूटभर मिरपूड, अर्धा छोटा चमचा कॉर्नफ्लोअर आणि तीन मोठे चमचे पाणी. गॅस पेटवला की सुरी हातात घ्यायची नाही, डबे शोधायचे नाहीत. सगळं हाताशी हवं.

बाटलीतल्या पांढऱ्या व्हिनेगरपेक्षा आपला सुरेपासून (माडीपासून) केलेला माडाचा विनागर मला कितीतरी चांगला वाटतो. त्याचा आंबटपणा गोलसर असतो, घशाला लागत नाही, आणि भेंडीची उरलीसुरली तारही तो मोडतो. माडाचा काळा गूळ त्याच्या जोडीला घातला की सॉसला जो रंग येतो तो साखरेने येत नाही.

आता कढई. नॉनस्टिक मी या कामातून काढून टाकली. रिकामी कढई कडक तापवायची म्हणजे 250 अंशांच्या आसपास जाण्याची भीती, आणि त्याच्या पुढे तो लेप बिघडायला लागतो. माझी लोखंडी कढई मिलाग्र सायबिणीच्या फेस्ताच्या फेरीतून (जत्रेच्या बाजारातून) घेतलेली, जड आणि खोलगट. ती कोरडी तापवायची आणि पाण्याचा एक थेंब टाकायचा. थेंब चर्र करून तिथल्या तिथे आटला तर अजून थांबायचं. थेंब गोळी होऊन पाऱ्यासारखा कढईभर धावायला लागला की ती तयार. थेंबाखाली वाफेचा थर बसतो आणि तो त्याला उचलून धरतो. 1756 मध्ये लायडनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरांनी याच्यावर लिहून ठेवलं आहे. माझ्या वर्गातली मुलं घरी हा प्रयोग करून येतात आणि दुसऱ्या दिवशी हात वर करून सांगतात. थर्मामीटर नसलेल्या स्वयंपाकघरात याहून चांगली खूण मला माहीत नाही.

तो थेंब उडून गेला की दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं रिफाइंड तेल. खोबरेल मला प्रिय आहे, पण घाण्याचं खोबरेल एवढ्या आचेवर लगेच धुरकटतं, ते या कामाचं नाही. तेलात प्रथम मूठभर काजू सोनेरी करून बाहेर काढायचे. मग खोल्याच्या दोन सुक्या मिरच्या मोडून आणि आल्याचे पातळ काप. काणकोणातल्या खोला गावची ही मिरची, 2020 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. रंग लालभडक, तिखटपणा बेताचा, म्हणून सासऱ्यांनाही चालते. मिरची काळी पडायच्या आत शेंगा आत.

इथे दुसरी गोष्ट, पुसण्याइतकीच महत्त्वाची. एका वेळी कढईत मावेल तेवढं नाही, तर कढईचा तळ दिसेल एवढंच घालायचं. चिनी उपाहारगृहातल्या भट्टीची ज्वाळा आपल्या शेगडीच्या कितीतरी पट मोठी असते. तिथला आचारी एकदम ढीग टाकतो आणि कढई तापलेलीच राहते. आपल्या शेगडीवर तोच ढीग टाकला की कढई थंड पडते आणि भाजीच्या पोटातलं पाणी सुटायला लागतं. म्हणून मी तीन हप्त्यांत करते. शेंगा आणि गाजर पहिल्यांदा, अडीच-तीन मिनिटं. ताटात काढायचं, कढई पुन्हा धुरावेपर्यंत तापवायची. मग भेंडी एकटी, कापलेली बाजू तळाला टेकेल अशी, अर्धा मिनिट न हलवता. सतत ढवळत राहायचा मोह आवरायला हवा. कड जरा तांबूस झाली की परतायची. शेवटी कोबी आणि ढबू मिरची, मिनिटभरच. मग सगळं परत एकत्र, वर मोडाचे मूग.

आवाजाकडे कान द्या. कोरडी भाजी तापल्या कढईत पडते तेव्हा पावसाची सर पत्र्यावर यावी तसा एकसारखा तडतडाट होतो. तो आवाज दबून बुडबुड ऐकू आली तर समजायचं, पाणी सुटलं, पुढच्या वेळी कमी घालायचं.

सॉस अगदी शेवटी, वाटी ढवळून, कारण कॉर्नफ्लोअर खाली बसलेलं असतं. कढईच्या कडेने ओतायचा, भाजीच्या डोक्यावर नाही. अर्ध्या मिनिटात तो चकचकीत होऊन भाजीला धरतो. गॅस बंद, वर काजू. मीठ मी वेगळं घालतच नाही. आधी घातलं तर भाजी पाणी सोडते हे एक कारण. दुसरं कारण सासरे. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण 900 मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसाला 2000 च्या आत राहावं. दीड चमचा चौघांत वाटला की माणशी साडेतीनशेच्या आत येतं. त्यांच्या पानात त्या रात्री लोणचं, पापड वाढत नाही.

भाज्या बदलत राहतात. कोबी, गाजर, फरसबी बेळगावहून येते. घाटात दरड कोसळून गाड्या अडकल्या की दोन दिवसांत भाव चढतो, मग मी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर रांग लावते किंवा सरळ इथलं घेते. कोवळं दोडकं बिया काढून, नवलकोलाच्या काड्या, मुळ्याचे पातळ काप. तांबडी भाजी मी एकदा घातली होती, पण तिचा लाल रस सगळ्याला लागतो आणि पानं चिंब होतात. ती आपली खोबरं घालून झाकणाखाली शिजवलेलीच चांगली. प्रत्येक भाजीला ही आच मानवत नाही, आणि तिच्यावर जबरदस्ती करू नये.

आम्ही हे उकड्या तांदळाच्या भातावर घेतो. जाड, लालसर दाणे सॉस पिऊन घेतात, पांढरा भात त्यापुढे फिका वाटतो. सोबत सोलकढी. उरलं तर सकाळी पोदेराची (पाववाल्याची) कोंड्याची पोई मधून चिरून, तव्यावर गरम करून, त्यात भरून डब्याला. थंड स्टर फ्राय मला आवडत नाही, पण पोईत भरलेलं दुपारपर्यंत छान लागतं, कोंड्याचा वास आणि विनागर एकमेकांना धरून राहतात.

आईंनी या प्रकरणात स्वतःची एक गोष्ट घातली. गॅस बंद केल्यावर त्या वरून दोन चमचे ताजी सोय, म्हणजे खवलेला नारळ, भुरभुरतात. मी सुरुवातीला नको म्हणत होते, सोया सॉसला नारळ कसा चालेल म्हणून. आता स्वतःच खवून ठेवते. कढईच्या उरलेल्या धगीत सोय जरा कोरडी होते आणि जो थोडासा ओलावा राहिलेला असतो तो टिपून घेते. गेल्या सोमवारी त्यांनी ताट पुढे केलं आणि म्हणाल्या, "मातशी वाड." भाजी मागून घेणं त्यांच्या स्वभावात नाही, म्हणून मी दोनदा वाढली.

जेवणं झाल्यावर कढई लगेच धुवा, साबणात भिजत टाकू नका. पावसाळ्यात लोखंड एका रात्रीत तांबतं. मी धुवून ती पुन्हा शेगडीवर ठेवते, शेवटचा थेंब उडाला की गॅस बंद करते आणि कोमट असतानाच आतून-बाहेरून तेलाचं बोट फिरवते. पंचा दोरीवर वाळत घालते, कारण उद्या सकाळी तो पुन्हा लागतो.