टीव्ही बघून पोट भरलेला माणूस

"टीव्ही बघून कुणाचं पोट भरलंय का?" हे वाक्य न ऐकता मोठं झालेलं मराठी पोर मला तरी माहीत नाही, आणि या प्रश्नाला उत्तर नसतं असंच आपण धरून चालतो. पण उत्तर आहे, त्याचं नाव क्लाइव्ह जेम्स (क्लाइव्ह म्हटलं की आपल्याला प्लासी आठवते, पण हा वेगळा, हा ऑस्ट्रेलियन). १९३९ साली सिडनीकडे जन्मला, साठच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंड गाठलं, केंब्रिजला शिकला, आणि १९७२ ते १९८२ अशी दहा वर्षं लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' या रविवारच्या पेपरात टीव्हीवर कॉलम लिहिला. म्हणजे आठवडाभर टीव्ही बघायचा आणि त्याचे पैसे घ्यायचे!

तेव्हा ब्रिटनमध्ये चॅनल तीनच, बीबीसीची दोन आणि एक आयटीव्ही. त्यामुळे आदल्या रात्री जे लागलं ते सगळ्यांनीच बघितलेलं असायचं, आपल्याकडे दूरदर्शनच्या काळात रामायण झाल्यावर अख्खी गल्ली त्याच्यावरच बोलायची ना, तसंच. मग तेच ज्याने त्याने बघितलंय त्याबद्दल हा बाबा नवीन काय सांगणार, तर तो सांगायचा, आणि लोक त्याच्यासाठी पेपर घ्यायचे. फॉर्म्युला वनचे कॉमेंटेटर मरे वॉकर शांतपणे बोलत असले तरी पँटला आग लागल्यासारखे वाटतात हे त्याचंच निरीक्षण. अर्नोल्ड श्वार्झनेगरच्या बॉडीला त्यानं अक्रोडांची जी उपमा दिली ती पूर्ण इथे लिहिता येणार नाही, घरातली मोठी माणसं पण वाचतात, हुडकून काढा. पण नुसती टिंगल नव्हती हो, 'डॅलस'सारख्या सासू-सून छाप मालिकेलाही तो तितकंच लक्ष देऊन बघायचा जितकं एखाद्या गंभीर डॉक्युमेंटरीला, आणि मला वाटतं खरी गोम तिथेच आहे, कारण आपल्याकडचे बरेच समीक्षक मालिका न बघताच नाक मुरडतात.

१९८२ मध्ये, म्हणजे आपल्याकडे एशियाडच्या निमित्तानं कलर टीव्ही आला त्याच वर्षी, त्यानं कॉलम सोडला आणि स्वतःच टीव्हीवर येऊन बसला. जगभरातले चित्रविचित्र कार्यक्रम दाखवायचे आणि त्यावर शेरे मारायचे असा शो. त्यात जपानचा एक गेम शो फार गाजला, स्पर्धकांचे हालहाल करायचे आणि शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला. लोक हसून हसून बेजार. आता यातली गोष्ट बघा, याचे वडील दुसऱ्या महायुद्धात जपान्यांचे युद्धकैदी होते, कैदेतून जिवंत सुटले आणि घरी परतताना विमान पडून गेले, १९४५ ला, हा तेव्हा पाच वर्षांचा. त्यांची कबर हाँगकाँगला आहे. आणि हाच मुलगा पुढे जपानी भाषा शिकला. मनात राग धरून बसायला हक्काचं कारण होतं, त्यानं डिक्शनरी घेतली. मला हे त्याच्या सगळ्या विनोदांपेक्षा भारी वाटतं.

पुढे 'पोस्टकार्ड' नावाची प्रवासाची मालिका केली, एकेक शहर घ्यायचं, त्यात आपली मुंबईसुद्धा येऊन गेली. मधे मधे कविता, कादंबऱ्या, आत्मचरित्राचे भागावर भाग. टीव्हीवरच्या प्रसिद्धीमुळे कवी म्हणून आपल्याला कुणी सिरियसली घेत नाही ही खंत होतीच म्हणे, असणारच, टीव्हीवर हसवणाऱ्याला कोण कवी म्हणतंय.

२०१० मध्ये ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) निघाला. २०१३ ला जुन्या इटालियन कवी दान्तेच्या महाकाव्याचं इंग्रजी भाषांतर छापून आलं. २०१४ ला त्यानं घरच्या मेपलच्या झाडावर कविता लिहिली, मुलीनं दिलेलं झाड, त्याची पानं शरदात लाल होतील तेवढं बघून जाईन अशा अर्थाची. ती कविता जगभर फिरली, लोकांनी मनातल्या मनात निरोपही देऊन टाकला, आणि हा काही जाईना! त्याचं त्यालाच ऑकवर्ड व्हायला लागलं, मग 'गार्डियन' या ब्रिटिश पेपरात आपण अजून मेलो नाही याच विषयावर कॉलम सुरू केला.

आणि या सगळ्या आजारपणात करत काय होता तर मुलीसोबत सोफ्यावर बसून बॉक्स सेट (अख्खी मालिका एकत्र असलेले संच) बघत होता, एपिसोडमागून एपिसोड. ड्रॅगन वगैरे असलेलं 'गेम ऑफ थ्रोन्स' आपण बघणार नाही असं ठरवलं होतं, तेही बघितलंच, आणि मग त्या सगळ्या बघण्यावर २०१६ मध्ये एक पुस्तक काढलं. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये गेला, ऐंशी वर्षांचा होऊन.