गाडीसाठी रडलो, कारखान्याचं काय?

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा काय गहिवर आला होता सगळ्यांना, आमच्या नाशिकच्या ग्रुपवर तर आयुष्यभर दादरला उतरून लोकलच पकडलेली मंडळीसुद्धा हात जोडलेले इमोजी टाकत होती. पण ती गाडी जिथं बनायची त्या कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीच्या कारखान्याबद्दल चकार शब्द नाही कुणाचा. त्या जागेवर आता कोहिनूर सिटी आहे, टॉवर, ऑफिसं सगळं. पाडलं तेव्हा कुणी हुं की चूं केलं असेल असं वाटत नाही.

आता म्हणाल नाशिकवाल्याला कुर्ल्याचं काय पडलंय. तर १९४४ मध्ये प्रीमियर काढली वालचंद हिराचंद यांनी, म्हणजे आपल्या मालेगाव तालुक्यात रावळगावचा साखर कारखाना ज्यांनी उभा केला तेच. १९४० मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना काढणारेही तेच, त्याचंच पुढे एचएएल, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्स झालं, ज्याच्या विमान कारखान्याच्या जिवावर नाशिकजवळचं आपलं ओझर उभं आहे. एवढा आपला माणूस, आणि कुर्ल्यात एक भिंतसुद्धा कुणाला ठेवावीशी वाटली नाही.

आणि गंमत बघा, पद्मिनी म्हणजे मुळातली फियाट ११००, आपल्याकडे लोक शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. त्याच फियाटचा इटलीत तुरीनला लिंगोत्तो नावाचा कारखाना आहे, १९२३ मध्ये सुरू झालेला, पाच मजली. कच्चा माल तळमजल्यावर आत घ्यायचा, एकेक मजला वर चढत गाडी तयार होत जायची आणि पूर्ण झालेली गाडी थेट गच्चीवर निघायची, जिथं टेस्टिंगसाठी चक्क ट्रॅक बांधलेला, दोन्ही टोकांना वळणावर उतार दिलेला. ट्रायल झाली की गोल गोल रॅम्पवरून गाडी खाली. १९८२ मध्ये उत्पादन बंद झालं. मग काय, पाडायचं? नाही, रेन्झो पियानो या आर्किटेक्टला हाताशी धरून आत हॉटेल, मॉल, कॉन्फरन्स हॉल, आर्ट गॅलरी असं करत करत पूर्ण इमारत वापरात आणली. ट्रॅक अजून आहे, २०२१ मध्ये तिथं बाग केली, हजारो झाडं लावली.

हे मी मामाला सांगितलं. मामा नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीतून रिटायर झालेला, पूर्ण नोकरी मशीन शॉपमध्ये. तो म्हणाला, "अरे शेड असते ती, सरकारवाडा नाही. वर सिमेंटचे पत्रे, त्यात ॲस्बेस्टॉस. पेंट शॉपखालची माती काय अवस्थेत असेल देव जाणे. कंपनी बंद पडली की आधी कामगारांची देणी, मग तुझी गॅलरी." बरोबर आहे त्याचं. जमीन विकल्याशिवाय देणी फिटत नाहीत हे खरं असेल तर कामगारांच्या पैशावर बसून मी हेरिटेज हेरिटेज करणं बेशरमपणाच होईल.

शिवाय नुसतं 'पाडू नका' म्हणून काही वाचत नाही, हेही खरं. डेट्रॉइटचा पॅकार्ड प्लांट घ्या. अल्बर्ट कान यांचं डिझाइन, त्यातली १९०५ ची इमारत तर आरसीसी कारखान्यांमधली सुरुवातीची. १९५० च्या दशकात गाड्या बनणं बंद झालं, नंतर किरकोळ भाडेकरू, मग तेही गेले, भंगारवाल्यांनी लोखंड नेलं, आगी लागल्या, २०१३ मध्ये लिलावात कुणी घेतला तरी काही हललं नाही, आणि शेवटी २०२२ पासून पालिकेनंच पाडायला घेतला. आपल्या जुन्या नाशकातल्या वाड्यांचं काय वेगळं होतं? मालक-भाडेकरू भांडतात, दर पावसाळ्याआधी धोकादायकची नोटीस येते, आणि एक दिवस भिंत बसते. तोवर वाचवण्यासारखं काही उरलेलं नसतं.

मला पटलेलं उदाहरण वेगळंच आहे, तेही डेट्रॉइटचंच. फोर्डचा पिकेट ॲव्हेन्यूचा कारखाना, १९०४ चा, तीन मजली विटांची साधी इमारत. फोर्डची मॉडेल टी ही गाडी १९०८ मध्ये इथंच जन्मली. फोर्ड थोड्याच वर्षांत मोठ्या जागेत गेली, इमारत पुढे दुसऱ्यांच्या ताब्यात वापरात राहिली, आणि आता म्युझियम आहे. छोटी म्हणून वाचली असं माझं म्हणणं. छप्पर परवडतं, लाइट बिल परवडतं.

म्हणून सातपूर-अंबडमधल्या जुन्या शेड्सबद्दल माझा हट्ट एवढाच की अख्खा प्लॉट नको, एक बे, म्हणजे खांबांच्या दोन रांगांमधला शेडचा एक गाळा, ठेवा. एकच. नॉर्थ लाइटचं करवती छप्पर असलेला, उत्तरेकडच्या काचांतून दिवसभर सारखा उजेड येतो पण मशीनवर ऊन पडत नाही, असा. क्रेनची गॅन्ट्री, म्हणजे वरचा सांगाडा, तशीच राहू द्या, कूलंटनं काळी पडलेली फरशी घासू नका. आणि कोणता बे ते कंपनी चालू असतानाच ठरवा, वापर काय, खर्च कोण करणार, सगळं कागदावर. आयटीआयच्या पोरांचं वर्कशॉप करा नाहीतर लग्नाचा हॉल करा, मला चालेल.

मामा म्हणतो बे नको, कँटीन ठेवा, पंधरा वर्षं युनियनच्या सगळ्या मीटिंगा तिथंच झाल्या. यावर अजून आमचं जमलेलं नाही.