तुम्ही विचारलंत म्हणून: एचआयव्ही पॉझिटिव्ह आलं तर तोंडावर का सांगत नाही

मिरजेत एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये मी पंधरा-सोळा वर्षं रक्त तपासतेय. काउंटरवर नातेवाईक विचारतात, ओळखीचे तर लग्नाच्या पंगतीतही विचारतात: "ताई, तुम्हाला वीस मिनिटांत कळतं ना? मग आयसीटीसीला, त्या सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्रात, कशाला पिटाळता?"

कारण माझ्या किटवरची रेघ म्हणजे निदान नव्हे. पहिलं किट मुद्दाम संशयी असतं, एकही सुटू नये म्हणून. त्यावर रेघ आली की तेच रक्त आणखी दोन वेगळ्या किटवर लावायचं. तिन्ही जुळली तरच पॉझिटिव्ह. हे मी परीक्षेत लिहून पास झाले होते.

2011 साल, रात्रपाळी. जतकडची पोर, पहिलटकरीण, सिझरला घ्यायची होती. वरून दोनदा फोन, "रिपोर्ट?" किटवर रेघ उमटली ती फिकट, उजेडात तिरकी धरली तर दिसेल अशी. मी केसपेपरवर लाल पेनने लिहिलं, वर त्याला गोल केला. त्या गोलाचं काय अडलं होतं? कागद सासूच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हतं, तिने वॉर्डबॉयला विचारलं. अर्ध्या तासात कळा देणारी पोर रिक्षात घालून सिव्हिलला रवाना. तिला विचारून टेस्ट केली होती का? भरतीच्या फॉर्मवर अंगठा होता, नवऱ्याचा.

सिव्हिलमध्ये बाळंतीण सुखरूप सुटली. तिथल्या पुढच्या दोन्ही टेस्ट निगेटिव्ह.

तेव्हा मी म्हणायचे, ऑपरेशन थिएटरमधल्या माणसांचा जीव काय रस्त्यावर पडलाय? आजही ते मला अगदीच खोटं वाटत नाही. पण बाधित रक्ताची सुई टोचली तरी लागण हजारात साधारण 3 वेळा होते, 72 तासांच्या आत औषध सुरू करता येतं, आणि ग्लोव्हज तर प्रत्येक पेशंटला घालायचेच असतात. 2017 चा एचआयव्ही कायदा सांगतो, समजावून, विचारून टेस्ट करा. रिपोर्ट गावभर करू नका. तरी ऑपरेशनआधीच्या छापील यादीत ती टेस्ट असतेच, आणि रोज करते मीच. नोकरी आहे. आणि खरं सांगू? रिपोर्ट माहीत असला की माझा हात अजून ग्लोव्हजच्या दुसऱ्या जोडीकडे जातो.

महिन्याभराने तिचा नवरा आला होता. भांडला नाही. निगेटिव्हचा कागद काउंटरवर ठेवून म्हणाला, "ह्यावर तुमचा शिक्का मारा मॅडम. आई सरकारी कागद मानत नाही."

सरांना विचारून सांगते म्हणाले. दुपारपर्यंत तो बाकावर बसून होता.