जवळा राहिला, हिजिकी गेली: घरच्या खाद्याचा सातवा आठवडा

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की घरच्या टाकीतल्या गोल्डफिश आणि गप्पींसाठीचं, चायना ग्रासने घट्ट केलेलं जेल खाद्य जमलंय, आता फक्त प्रमाण बसवायचंय. लगेच आमच्या ग्रुपवर एकाने टाकलं: "समुद्रातल्या वस्तूंत आर्सेनिक असतं, गोड्या पाण्याच्या माशांना जवळा घालू नका." झालं! माझ्या खाद्याची सगळी भिस्त जवळ्यावर. चेंदणी कोळीवाड्यातल्या मावशींकडचा, बारीक, वाळूचा कण नसलेला. दोन दिवस डबा ओट्यावर तसाच पडून. शेवटी आई म्हणाली, "विष आहे तर आपण इतकी वर्षं चटणी कशी खातोय रे?"

तिचा मुद्दा बिनतोड होता. मग बसून वाचलं.

आर्सेनिक आहे, हे खरं. पण जवळ्यासारख्या समुद्री जिवांत ते मुख्यतः आर्सेनोबीटेन या सेंद्रिय, म्हणजे कार्बनला जोडलेल्या, रूपात असतं. ग्लायसिन बीटेन नावाचं एक द्रव्य हे जीव खाऱ्या पाण्याचा ताण सोसायला पेशींत साठवतात, आर्सेनोबीटेन त्याच्याच घडणीचं, म्हणून तेही आत राहतं. आपल्या किंवा माशाच्या पोटात गेलं की फारसं न बदलता बाहेर पडतं. खरी भीती असेंद्रिय रूपांची: आर्सेनाइट आणि आर्सेनेट. आपल्या जुन्या लोकांचा सोमल याच घराण्यातला. आर्सेनाइट प्रथिनांतल्या गंधकाला चिकटून बसतं, आर्सेनेट फॉस्फेटचं सोंग घेऊन पेशीत शिरतं.

रेनबो ट्राउट या माशाच्या पिलांवर याचे जुने प्रयोग आहेत. खाद्यातून सोमल किंवा आर्सेनेट दिलं तेव्हा मासे खाईनासे झाले, वाढ खुंटली. आर्सेनेटवाल्यांच्या पित्ताशयाला सूज आली. डीएमए हे सेंद्रिय रूप कितीतरी जास्त मात्रेत देऊनही तसं काही झालं नाही. युरोपीय संघाचे नियमही बोलके आहेत: सर्वसाधारण पशुखाद्यात एकूण आर्सेनिक किलोमागे २ मिलिग्रॅमपर्यंत, माशांच्या तयार खाद्यात १०, आणि फिशमीलमध्ये (वाळवलेल्या माशांच्या भुकटीत) थेट २५. फिशमीलमधलं बहुतेक आर्सेनिक निरुपद्रवी रूपातलं, म्हणून ही सवलत. तेव्हा नुसता एकूण आकडा दाखवून कोणी घाबरवलं तर आधी विचारा, कुठलं रूप?

जवळा सुटला. पण वाचता वाचता दुसरेच दोन गुन्हेगार हाती लागले, दोन्ही माझ्याच कपाटात.

पहिली हिजिकी. जपानहून आलेल्या मित्राने समुद्री शेवाळाचं पाकीट दिलं होतं. दिसायला वाळलेल्या चहापत्तीसारखं, काळंभोर. भिजवल्यावर एवढं फुगलं की वाटी पुरेना. गोल्डफिशला हिरवं काही मिळेल म्हणून चिमूटभर घालणार होतो. बहुतेक खाण्याच्या शेवाळांत आर्सेनिक साखरेला जोडलेल्या सेंद्रिय रूपात असतं, पण हिजिकीत असेंद्रियच भरपूर. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २००४ मध्येच ती खाऊ नका असं सांगितलं होतं. भिजलेली हिजिकी थेट कचऱ्यात. कुंडीतही नाही.

दुसरा, तांदळाचा कोंडा. मत्स्यशेतीत कोंडा आणि शेंगदाणा पेंड ही जोडी आपल्याकडे जुनीच, म्हणून मीही घालत होतो. पण भाताच्या खाचरात पाणी साचलं की मातीतलं आर्सेनेट आर्सेनाइट होतं, आणि भाताचं रोप मातीतली सिलिका ज्या वाटेने आत घेतं त्याच वाटेने ते वर ओढून घेतं. दाण्यात ते कोंड्याच्या थरात जास्त साठतं. चिमूटभराने मासा मरणार नाही, हे मलाही कळतं. पण माझा कोंडा कुठल्या भागातल्या भाताचा, हे दुकानदारालाही सांगता येईना. गव्हाचा कोंडा घरातच असतो, तो घालायला लागलो.

आता एक गंमत. पाचव्या आठवड्यात मोठी केशरी गोल्डफिश खाद्य तोंडात घ्यायची, दोनदा चघळायची आणि थुंकायची. मी ट्राउटचं वाचून बसलेलो, म्हटलं पित्ताशय गेलं हिचं! निघाला लसूण. आधी एक पाकळी घालायचो, त्या खेपेला चार पडल्या होत्या. पुढच्या खेपेला पुन्हा एकच घातली तर सगळं चाटूनपुसून साफ.

सध्याचं प्रमाण: जवळा ४० ग्रॅम, तीनदा पाणी बदलून धुतलेला (हे मिठासाठी, आर्सेनिकसाठी नव्हे), उकडलेले मटार ६० ग्रॅम, पालक मूठभर, गव्हाचा कोंडा दोन चमचे, लसूण एक पाकळी, चायना ग्रास ५ ग्रॅम दीड कप पाण्यात. मिक्सर आईला न विचारता वापरू नये. थाळीत अर्धा सेंटीमीटर जाडीचा थर ओतून फ्रीझरमध्ये, मग सुरीने चौकोन. गप्पींसाठी त्यातलाच तुकडा किसणीवर. कोपरीतल्या आमच्या टाकीत काल सकाळी दोन चौकोन टाकले, तीन मिनिटांत तळ मोकळा.

पुढच्या खेपेला मटाराऐवजी दुधी घालून बघतोय. चायना ग्रास थोडी जास्त लागेल असं वाटतं, दुधीला पाणी सुटतं.